पाठमोरे राजाराणी आणि छत्तीस खडे

एका राज्यात, जिथल्या नद्या सकाळी डोंगर चढत आणि तिन्हीसांजेला खाली उतरत, भद्रायू नावाचा राजा होता. त्याच्या राणीचे नाव सुलोचना. दोघांचे लग्न ठरायचे होते तेव्हा राजज्योतिषाने पत्रिका मांडल्या, बोटांवर मोजले, पुन्हा मोजले, आणि उपरणे सावरत धावतच दरबारात येऊन सांगितले, "महाराज, छत्तीसपैकी छत्तीस गुण जुळतात!"

असे त्या राज्यात पूर्वी कधी घडले नव्हते. लोकांची लग्ने अठरा गुणांवर होतात आणि सुखाने पार पडतात. राजालाही ते नशीब मुकाट्याने भोगता आले असते. पण राजाच तो, त्याला कोण सांगणार? त्याने एकेका गुणाचा एकेक असे छत्तीस लाल खडे घडवून घेतले. फाशाएवढे, सगळ्या बाजूंनी सारखे, आत दिवा ठेवल्यासारखे उजळणारे. ते पोवळ्याच्या पेटीत ठेवून तो येत्याजात्याला दाखवू लागला. पाहुणा जेवला की नाही ही चौकशी मागाहून. खडे आधी.

यथाकाळ राणीला मुलगी झाली. तिचे बारसे थाटाने मांडले. राजे आले, यक्ष आले, चार मुखांचा एक ऋषी आला, त्याला चार पानवेलींचे विडे दिले. सर्वांत शेवटी आला आकडेमोड्या. हा मांत्रिक दूर एका डोंगरावर एकटा राही. एकापासून परार्धापर्यंत प्रत्येक आकड्याशी त्याचे बोलणे होते आणि राग आला की तो आकडा मोडून टाकी, म्हणून त्याला हे नाव पडले. तो आला तेव्हा पंगत भरली होती. वाढप्यांनी घाईघाईत एक जास्तीचा पाट आणला आणि जागा मिळेल तिथे, कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून मांडला.

आता त्या राज्याची रीत अशी की पंगतीला माणसे समोरासमोर बसायची. घास घेताना समोरच्याचे तोंड दिसावे, नाहीतर अन्न गोड लागत नाही. पाहुण्याला सर्वांकडे पाठ करून बसवणे म्हणजे उष्टे वाढण्याहून वाईट. भिंतीकडे बघत आकडेमोड्याने वरणभात कालवला. तेवढ्यात राजा पेटी घेऊन आला. "पाहिलेत का आमचे छत्तीस?"

मांत्रिक पाटावरून उठला. त्याने खाली वाकून रांगोळीत बोटाने दोन आकडे काढले, तीन आणि सहा.

"राजा, तुझा छत्तीस कधी नीट पाहिलास? तिनाचे तोंड डावीकडे, सहाचे उजवीकडे. शेजारी शेजारी उभे, आणि पाठीला पाठ! ज्याचा तोरा मिरवतोस तसाच हो. आजपासून तू आणि तुझी राणी एकमेकांना पाठमोरी. आणि ज्या दिवशी एकाच्या मनातून दुसऱ्याचा चेहरा पुसला जाईल, त्या दिवशी दोघेही दगड व्हाल."

राणीने पाळण्यातले मूल उचलून त्याच्या पायाशी ठेवले. "मांत्रिकराज, शाप दिलात, आता उःशापही द्या."

मूल त्याच्याकडे बघून हसले. मांत्रिकाचा आवाज खाली आला. "माझ्या डोंगरावर तीन ओटे आहेत. त्या तिन्ही ओट्यांवर हेच छत्तीस खडे मांडावे. पहिल्यावर चौरस, दुसऱ्यावर त्रिकोण, तिसऱ्यावर तीन घरे. एक खडा उरला तर फुकट, एक कमी पडला तर फुकट. मात्र सांगून ठेवतो, आजपासून खडेही एकमेकांचे तोंड पाहणार नाहीत." एवढे बोलून तो भिंतीतून निघून गेला.

शाप लगेच लागला. राजा राणीकडे वळला की राणी भोवऱ्यासारखी गर्रकन फिरे. राणी राजासमोर आली की राजा फिरे. आरसा धरला तर काच काळी पडे. चित्र काढले तर चित्रातली राणी पाठ फिरवून बसे, नुसता अंबाडा दिसे. प्रधानजी डोके खाजवून म्हणाले, "सोपे आहे. छत्तीस उलटा केला की त्रेसष्ट होतो आणि त्रेसष्टात सहा आणि तीन समोरासमोर असतात! जागांची अदलाबदल करा." भोयांनी राजाचे सिंहासन उचलून राणीच्या पलीकडे नेले. सिंहासन टेकते न टेकते तोच दोघांखालची फरशी जात्यासारखी फिरली. प्रधानजी मधेच उभे होते. ते पुष्करिणीत जाऊन पडले.

मग राजाने राजांना सुचते तेच केले. त्याने बंदी घातली. छत्तीस हा आकडा राज्यात कोणी उच्चारू नये, लिहू नये, मनात आणू नये. बाजारात लोक "पस्तीस आणि वरचा एक" म्हणू लागले. पस्तिशी उलटलेला माणूस वर्षभर वय सांगत नसे. शाळेत मुले पाढे म्हणताना त्या जागी खोकत. "सहा पाचे तीस, सहा सक खोक्, सहा साते बेचाळीस!" पावसाळ्यात तर कोण पाढा म्हणतोय आणि कोणाला खरा खोकला झालाय हे पंतोजींना कळत नसे. आजार राहिला घरात आणि वैद्याला हद्दपार केले, असला हा प्रकार!

मोठमोठे वीर पेटी घेऊन डोंगरावर गेले. पण जो आकडा मनातही आणायचा नाही तो मांडणार कसा? सगळे पहिल्या ओट्यावरूनच परत आले.

राजकन्या कौमुदी अशा घरात वाढली. आईचे तोंड तिने पाहिले होते, बापाचेही पाहिले होते, पण दोघांना एकमेकांकडे बघताना कधी पाहिले नव्हते. दोघे बोलत मात्र अखंड, आणि बोलत म्हणजे भांडत. राजा पूर्वेच्या खिडकीकडे तोंड करून ओरडे, राणी पश्चिमेच्या दाराला उत्तर देई. तरी राणी रोज सकाळी, पाढा म्हणावा तसा, राजाचा चेहरा म्हणे. "भुवया जाड, नाक बसके, हनुवटीला खळी, हसताना डावा डोळा बारीक." तो चेहरा तिला तोंडपाठ होता. राजाला लहानपणापासून पाठांतराचा कंटाळा.

तो मुलीला विचारी, "कौमुदी, तुझ्या आईच्या गालावर तीळ आहे, तो कोणत्या बाजूला ग?"

"डाव्या, आबासाहेब."

सांगितले की त्याला पटे, पण डोळ्यांपुढे येत नसे. आणि एका सकाळी तो म्हणाला, "तीळ? कसला तीळ?" त्याच क्षणी त्याच्या पायांची बोटे दगडाची झाली. राणीचीही झाली.

आई आणि बाप दोघांनाही एकदम गमावायची वेळ आली होती. कौमुदीने पोवळ्याची पेटी उचलली.

"आईसाहेब, मी डोंगरावर जाते."

"जा," राणी म्हणाली. "मोजताना भिऊ नकोस."

वाटेत खड्यांनी तिला जेरीस आणले. पेटीच्या आत "सरक!", "तूच सरक!", "कोपर काढ!" असा कल्लोळ चालला होता. दोन खडे जवळ आले की ठिणगी पडे. कौमुदी त्यांना दटावत करवंदीच्या जाळीपाशी आली, तर तिथे एक भारद्वाज बसला होता. तपकिरी पंख, लाल डोळे, चेहरा पडलेला. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो असे आपल्याकडे म्हणतात, तसेच तिकडेही म्हणत.

"पाहिलेस ना मला?" पक्षी म्हणाला. "आता जा. सगळे मला पाहतात, नमस्कार करतात आणि खुशीत निघून जातात. तुझा दिवस कसा गेला, असे मला कोणी विचारीत नाही."

"भारद्वाजा," कौमुदीने विचारले, "तुझा दिवस कसा चालला आहे?"

पक्ष्याचे लाल डोळे भरून आले. त्याने आपला दिवस सांगितला. त्यात मुख्यतः गोगलगायी होत्या. मग तो टुणकन तिच्या खांद्यावर येऊन बसला. "राजकन्ये, मी तुझ्याबरोबर येतो. माझे सोयरे प्रत्येक जाळीत आहेत. राजवाड्याची खबर ते हाकेसरशी आपल्यापर्यंत पोचवतील."

पहिला ओटा डोंगराच्या पायथ्याशी होता. त्यावर दगडी हत्ती बसला होता. त्याने सोंड हलवली तेव्हा वाळू झडली.

"कोण?"

"भद्रायूची कन्या, कौमुदी."

"चौरस मांड. चारी बाजू सारख्या. कोणी वरचढ नको."

कौमुदीने पाचाच्या पाच ओळी मांडल्या. ढीगभर खडे उरले आणि उरलेल्यांनी मांडलेल्यांना ढुशा देऊन उधळून लावले. तिने साताच्या ओळी धरल्या. त्या पुऱ्याच होईनात. खडे एकमेकांना "तुझ्यामुळे!" म्हणू लागले. कौमुदी कपाळाला हात लावून बसली.

"पाचाचे उरतात, साताचे पुरत नाहीत," ती म्हणाली. "मधे काय आहे?"

"मधे खोकला आहे," भारद्वाज म्हणाला. "शाळेच्या खिडकीशी मी पुष्कळ वर्षे काढली. सहा पाचे तीस, सहा सक खोक्."

कौमुदी ताडकन उठली. इतकी वर्षे सारे राज्य ज्या जागी खोकत होते, नेमके तिथेच हे लपले होते तर! तिने सहांची ओळ मांडली, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. सहावी ओळ संपली तेव्हा पेटी रिकामी होती आणि ओट्यावर लाल चौरस झळकत होता, लांबीलाही सहा, रुंदीलाही सहा. कौमुदीने इकडेतिकडे पाहिले, मोठा श्वास घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा ते शब्द उच्चारले.

"सहा सक छत्तीस!"

आभाळ कोसळले नाही. हत्तीने गुडघे टेकून वाट दिली. खडे गप्प झाले होते आणि चोरून शेजाऱ्याकडे बघत होते. कौमुदीला इतका आनंद झाला की तिने तो पाढा पुन्हा म्हटला, मग हत्तीनेही म्हटला. जाळीजाळीतून मात्र हाका आल्या आणि भारद्वाजाने त्या कान देऊन ऐकल्या.

"राजाला राणीचे नाक आठवेनासे झाले. दगड कमरेपर्यंत आला."

कौमुदी चढू लागली. पेटीत खड्यांनी नवीनच खूळ काढले होते. त्यांना वाटणी हवी होती. "आमचे दोन तट कर!" तिने केले. अठरा इकडे, अठरा तिकडे. भांडायला कारण मिळेना. "तीन कर!" बारा, बारा, बारा. "चार!" नऊ-नऊ. "सहा!" सहा-सहा. "नऊ!" चार-चार. "बारा तट कर, मग बघतो!" तीन-तीन. कसेही कापले तरी सगळ्यांना सारखे! कोणाच्या वाट्याला एकही जास्त येईना. खडे अगदी खट्टू झाले. दात खाण्यासाठी दात तरी हवेत, तसे त्यांचे झाले, आणि चढण संपेपर्यंत ते निमूट बसले. ज्याच्या नावाने लोक भांडतात तो आकडा वाटणीला किती सोयीचा, हे कौमुदीने मनाशी नोंदवले.

दुसऱ्या ओट्यापाशी तळे होते. तळ्यात एका पायावर एक थोरला बगळा उभा होता.

"त्रिकोण मांड," तो डोळे न उघडता म्हणाला. "शेंड्याला एक. पुढे दर ओळीत एकेक वाढता. शेवटची ओळ अर्धी सोडशील तर तळ्यात जाशील."

कौमुदीने शेंड्याचा खडा ठेवला आणि त्याच्या मागे दोन. मागच्यांनी एकच गिल्ला केला. "आम्हाला याची पाठ दिसते! पाठ बघायला आलो का आम्ही?" कीर्तनात मागे बसलेली माणसे मान वाकडी करून कुरकुरतात ना, तशी सगळी मंडळी कुरकुरू लागली. कौमुदी गुडघ्यांवर बसली, गाल ओट्याला लावून खड्याच्या उंचीवरून बघितले, आणि तिला युक्ती सापडली. तिने मागचा प्रत्येक खडा पुढच्या दोघांच्या फटीमागे सरकवला. कडेच्यांना कडेने दिसू लागले, मधल्यांना फटीतून दिसू लागले. पाठ कोणालाच आडवी येईना.

"दिसतंय का?"

"दिसतंय, दिसतंय!" खडे ओरडले.

एकामागे दोन, दोनांमागे तीन, तिनांमागे चार. ओळी रुंदावत चालल्या आणि पेटी हलकी होत चालली. सातांची ओळही लागली. आता आठ हवेत. पेटीत हात घातला, एकेक काढला आणि मांडत गेली. आठवा खडा कोपऱ्यात जाऊन बसला आणि हात पेटीच्या तळाला लागला. ना उरला, ना कमी पडला. जे छत्तीस खाली चौरस झाले होते, तेच इथे त्रिकोण झाले होते!

बगळ्याने डोळे उघडले. "असा आकडा क्वचित असतो, मुली. बहुतेकांना दोहोंतले एकही जमत नाही. ज्यांना जमते त्यांना एकच जमते. चौरसही होणारे आणि त्रिकोणही होणारे फार थोडे, आणि तुझ्यानंतरचा पुष्कळ लांब राहतो." त्याने दुसरा पाय पाण्यात टेकला आणि समाधानाने "हां" केले. खडे आता उघड उघड एकमेकांकडे बघून हसत होते.

हाका आल्या. भारद्वाजाचा आवाज बारीक झाला. "ओठ गेले, राजकन्ये. राणीचे फक्त डोळे राजाच्या मनात उरले आहेत. दगड छातीवर आला."

कौमुदी धावतच शेवटची चढण चढली.

माथ्यावर तिसरा ओटा होता आणि त्यापलीकडे आकडेमोड्या बसला होता. एकटा, वाटेकडे पाठ करून, कड्याकडे तोंड करून. बारशाच्या दिवसापासून तो तसाच बसला होता. दाढी कड्यावरून खाली लोंबत होती आणि तिच्यात सुगरणींनी घरटी केली होती.

"तीन घरे मांड," तो मागे न बघता म्हणाला. "प्रत्येक घर लांबीला, रुंदीला, उंचीला सारखे. पण तिन्ही घरांची मापे निरनिराळी. अर्धवट भिंत चालणार नाही."

कौमुदीने आधी चाराचे घर धरले. चार लांब, चार रुंद. पण उंची चढेपर्यंत खडे संपून गेले. तिने ते मोडून तिनाचे धरले. तीन ओळी तिनांच्या, त्यांवर तशाच तीन, त्यांवर आणखी तीन. आधी खडे एकमेकांच्या डोक्यावर बसायला मुळीच कबूल झाले नसते, पण आता ते "ये, ये, टेक" म्हणत एकमेकांना खांदा देत होते. थोरले घर उभे राहिले. उरलेल्यांतून तिने दोनांचे घर केले, दोन लांब, दोन रुंद, दोन उंच. तेही देखणे झाले.

आणि पेटीत एक खडा राहिला.

तिने तो तळहातावर घेतला. तीन घरे मांडायची होती. झाली होती दोन. आणि एक उरला होता.

आकडेमोड्याला न बघताच कळले. तो हसला, पण त्या हसण्यात मजा नव्हती. "उरला ना? एक उरतोच, मुली. सगळे आपापल्या घरात बसतात आणि एक बाहेर राहतो. हरलीस. घरी जा."

त्याच वेळी खालच्या रानातून हाक आली, घाईची, तुटक. भारद्वाज पंख मिटून म्हणाला, "राणीचे डोळे काळे की घारे हे राजाला आठवत नाही. नुसती चमक उरली आहे. दगड गळ्याशी आला."

कौमुदीला रडू फुटले. तिने ते दाबले नाही. रडता रडता तिने त्या खड्याकडे बघितले. बिचारा तळहातावर अंग चोरून बसला होता, आपल्यामुळे सगळे बिघडले म्हणून. तिने त्याला अंगठ्याने पुसले. लांबी बघितली. रुंदी बघितली. उंची बघितली.

मग ती उठली आणि तो खडा तिने दोन्ही घरांच्या रांगेत, नीट अंतर सोडून, ओट्यावर ठेवला.

"हे तिसरे घर," ती म्हणाली.

"ते घर नव्हे. तो उरलेला एक आहे."

"लांबी एक, रुंदी एक, उंची एक. तिन्ही सारखी. अर्धी भिंत कुठे आहे, दाखवा."



"एकट्याचे घर?" मांत्रिकाने विचारले.

"एकट्याचेही घरच असते, मांत्रिकराज. लहान आहे, पण पुरे आहे. तो उरलेला नाही. रांगेतला पहिला आहे. त्याच्यावाचून दोनांचेही होत नाही आणि तिनांचेही होत नाही."

आकडेमोड्या शाप देई, भिंतीतून जाई, राजांना भोवऱ्यासारखे फिरवी. पण हिशेबात खोटे बोलणे त्याच्या रक्तात नव्हते. त्याने मनाशी मोजले. एक. आणि आठ. आणि सत्तावीस. मग त्याचे ओठ आणखी काहीतरी पुटपुटू लागले. "एकाचे घर, दोनांचे घर, तिनांचे घर. आणि एक, दोन, तीन मिळवले तर सहा. आणि सहा सक... अरेच्चा! तिन्ही घरे मोडून पसरली की तोच खालचा चौरस! एवढी वर्षे आकड्यांशी बोलतो आहे मी, आणि याला एकदाही बसवून विचारले नाही. नुसती पाठ बघितली त्याची."

"तुम्हालाही आम्ही पाठमोरेच बसवले," कौमुदी म्हणाली. "ते माझे बारसे होते. म्हणजे त्या दिवशी यजमान मी. पाळण्यात होते म्हणून काही सुटत नाही. चूक माझ्या घरची आहे. उठा, चला. आमच्यात बसा."

असे त्याला आजवर कोणी म्हटले नव्हते. त्याने डोळे पुसले, दाढीतल्या सुगरणींना जपून बाजूला केले आणि तो वळला. इतक्या वर्षांनी त्याने आलेल्या माणसाकडे तोंड केले. शाप त्याच्या पाठीतच अडकून होता. पाठ वळली तसा तो फटकन तुटला आणि कड्यावरून खाली पडला. ओट्यावर छत्तीसच्या छत्तीस खडे एकदम उजळले.

तिन्हीसांज झाली होती. नदी डोंगर उतरायला निघाली होती, तिच्यावर बसून तिघेही क्षणात राजधानीत पोचले.

राजवाड्यात दगड गळून पडला होता. राजा आणि राणी दरबाराच्या मधोमध उभी होती, आणि कोणी वळायला धजत नव्हते. लोक श्वास रोखून बघत होते. कौमुदीने एका हाताने आईचा हात धरला, दुसऱ्याने बापाचा, आणि दोघांना फिरवले. कोणीही गरकन उलटे फिरले नाही. ती समोरासमोर आली.

राणीने राजाकडे बघितले आणि तिचा चेहरा फुलला. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, बाकी सारे पाठ केल्याप्रमाणे जागच्या जागी होते. राजा मात्र बघतच राहिला. शाप तुटला होता, पण जे विसरले होते ते काही परत आले नव्हते. समोरची स्त्री त्याने जणू कधी पाहिलीच नव्हती. तो गोंधळून, हात जोडून म्हणाला,

"बाईसाहेब, आपण कोण?"

दरबार चरकला. कौमुदीच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. राणीने कमरेवर हात ठेवले.

"मी कोण? विचारायला काही वाटत नाही? रोज उठून माझ्याशी वाद घालता, माझ्या वरणाला नावे ठेवता, आणि वर मी कोण?"

राजाचा चेहरा उजळला, डावा डोळा बारीक झाला. "हा आवाज! हा मी एक दिवसही विसरलो नाही! तूच ती! आणि वरण खरोखर अळणी असते!"

"अळणी? समोर बघून म्हणा!"

"समोर बघूनच म्हणतो आहे!" राजा म्हणाला. तो दोन पावले जवळ आला. "राणी, थोडा वेळ हलू नकोस. मला तू पहिल्यापासून पाठ करायची आहेस."

राणी हलली नाही. लोक हसत होते, रडत होते, एकमेकांच्या गळ्यात पडत होते, आणि शाळेतली मुले टाळ्या पिटत, गळा मोकळा करून सहाचा पाढा म्हणत होती. आकडेमोड्याला पंगतीत मधोमध पाट मांडला आणि त्याच्यासमोर भारद्वाजाला बसवले. दोघांनी एकमेकांना आपापला दिवस सांगितला. राजा मात्र जेवायला आलाच नाही. त्याला घाई नव्हती. पहिल्या ओळीपासून, एकही जागा न गाळता, तो राणीचा चेहरा म्हणत होता.

त्या राज्यात आता नवराबायको कडाकडा भांडली आणि तरी एकमेकांकडे बघत राहिली, की शेजारी कौतुकाने म्हणतात, "यांचा छत्तीसचा आकडा!" सांगणाऱ्याने सांगितली, ऐकणाऱ्याने वाटून घेतली, सगळ्यांना सारखी आली. एकही न उरता ही कहाणी संपूर्ण.